तीनच रंग, बाकी ऊन!

पोस्टर करताना 'काहीतरी कमी वाटतंय' म्हणून तुम्ही आणखी एक रंग घालता? मग हेन्री मातिस यांची ही गोष्ट वाचाच.

१९४१मध्ये या फ्रेंच चित्रकाराचं कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. वय ७१. पुढे बराचसा वेळ पलंगावर, नाहीतर व्हीलचेअरमध्ये. उभं राहून तासन् तास चित्र काढणं संपलं. मग त्यांनी हातात कात्री घेतली. रंगवलेले कागद कापायचे, भिंतीवर लावून बघायचे. त्या काळात त्यांची काळजी घेणारी तरुण नर्स, मोनिक बुर्ज्वा, पुढे नन झाली. दक्षिण फ्रान्समधल्या वाँस गावात ननना चॅपेल बांधायचं होतं. तिने सल्ला विचारला आणि मातिसनी अख्खं चॅपेलच अंगावर घेतलं!

तिथल्या खिडक्यांच्या रंगीत काचा म्हणजे मातिसच्या कात्रीने कापलेले आकारच. रंग फक्त तीन : पिवळा, हिरवा, निळा. त्यातही एक गंमत आहे. निळ्या-हिरव्या काचेतून आरपार दिसतं, पिवळी मात्र धूसर आहे. तिच्यातून उजेड आत येतो, पण बाहेरचं दिसत नाही. त्यामुळे आपली नजर आतच थांबते.

समोर काय? पांढऱ्या टाइल्स, त्यावर नुसत्या काळ्या रेषा. खाली पांढरा संगमरवर. भिंतींवर रंगाचा थेंब नाही, कारण ते काम उन्हावर सोडलंय. सूर्य सरकला की रंगही जमिनीवरून सरकतात. ढग आला की विझतात.

१९५१च्या जूनमध्ये चॅपेल खुलं झालं, तेव्हा तब्येतीमुळे मातिस स्वतः जाऊ शकले नाहीत. तरी आपलं सर्वोत्तम काम ते यालाच मानायचे.

आपल्याला हे तसं नवीन नाही. दिवाळीचा आकाशकंदील दिवसा नुसता कागद असतो, आत बल्ब लागला की तोच वेगळा दिसतो. तर या रविवारी एवढंच करा. सकाळचं ऊन येणाऱ्या खिडकीला तीन रंगांचे जिलेटिन पेपर चिकटवा, खाली पांढरी चादर अंथरा आणि दर अर्ध्या तासाने फोटो काढा. चौथा रंग लावायचा मोह होईल. आधी सगळे फोटो बघा, मग ठरवा.