दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर नको

गेल्या वर्षी ईदच्या आधीच्या गर्दीत आमच्या मामूंच्या कापडाच्या दुकानात एक जुने गिऱ्हाईक आले आणि म्हणाले, "मामू, तुमच्या वेबसाईटवर भलतेच काहीतरी दिसते आहे." मोबाईल उघडून पाहिले. दुकानाच्या फोटोंच्या जागी एक परके पान होते आणि हे नाव विकणे आहे असा मजकूर. तोच पत्ता छापलेल्या पिशव्यांचे गठ्ठे मात्र माळ्यावर तसेच पडून होते.

मामूंचे पहिले वाक्य होते, "पण मी तर पैसे दिले होते!" दिले होते, यात शंका नाही. ते मोहल्ल्यातल्या एका मुलाला दिले होते. त्याने वेबसाईट चांगली बनवली, पण तिचे नाव स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या खात्यातून घेतले. पुढे नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि त्याने त्या पाहिल्या नाहीत. मुदत संपली आणि नाव तिसऱ्यानेच उचलले. मुलाची नियत वाईट नव्हती. पण कागदोपत्री ते नाव मामूंचे कधी नव्हतेच, मग तक्रार कोणाकडे करायची?

आपले व्यापारी बांधव वेबसाईटचे नाव काढले की पहिला प्रश्न विचारतात, "कोडिंग येत नाही, मग कसे जमणार?" ही भीती जुन्या काळची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगातील पहिली वेबसाईट सुरू केली तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे पानाची प्रत्येक ओळ सांकेतिक खुणांनी लिहावी लागे. आज गूगल साईट्स, वर्डप्रेस, विक्स अशा साधनांत त्या खुणा यंत्र स्वतः लिहिते. आपण मजकूर टाईप करायचा, फोटो जागेवर ओढून ठेवायचा, बस्स. ज्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो पाठवता येतात त्याला हे आठवड्याभरात जमते. खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

वेबसाईटमध्ये दोन वस्तू असतात. एक म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ती दुकानाची पाटी. दुसरी म्हणजे पाने जिथे साठवली जातात ती जागा, म्हणजे होस्टिंग. तो गाळा. गाळा भाड्याचा असला तरी चालतो. उद्या गाळा सोडावा लागला तर पाटी उचलून दुसऱ्या गाळ्यावर लावता येते आणि गिऱ्हाईक त्याच नावाने येत राहते. पाटीच दुसऱ्याची असेल तर मात्र सगळे गेले.

हे अनुभवाचे बोल आहेत. जिओसिटीज नावाची फुकट जागा १९९४ मध्ये सुरू झाली, लाखो लोकांनी तिथे पाने थाटली, आणि २००९ मध्ये ती बंद झाली. अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. गूगलने २०१७ मध्ये छोट्या दुकानदारांसाठी एका पानाची फुकट वेबसाईट देऊ केली होती. आपल्याकडच्या अनेकांनी ती घेतली, कार्डांवर छापली. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि १० जूननंतर ते पत्ते चालेनासे झाले. ज्यांनी स्वतःचे डोमेन घेऊन ठेवले होते त्यांना दुसरीकडे पान उभे करून तेच नाव तिकडे वळवता आले. बाकीच्यांना नवीन कार्डे छापावी लागली.

आता काम कसे करावे ते एका धंद्याच्या उदाहरणाने पाहू. मिरजेचा तंबोरा घेऊ, कारण त्याचे गिऱ्हाईक बहुधा मिरजेबाहेरचे असते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे हा धंदा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा अशा एखाद्या कारागिराला पहिली वेबसाईट करायची आहे.

प्रथम त्याने स्वतःचा ई-मेल उघडावा, स्वतःच्या मोबाईल नंबरावर. मग त्याच ई-मेलवरून डोमेन घ्यावे. पैसे पुतण्याने भरले तरी हरकत नाही, पण मालक म्हणून नाव कारागिराचे आणि ओटीपी त्याच्याच फोनवर यावा. नाव लहान आणि कानाने ऐकून लिहिता येईल असे असावे. देवनागरीतले डॉट भारत हे नाव २०१४ पासून मिळते, पण परदेशातल्या विद्यार्थ्याला ते टाईप करणे जड जाईल, म्हणून मुख्य नाव डॉट इन किंवा डॉट कॉम असावे. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नये. नूतनीकरणाला काय पडते ते आधी विचारावे. एकदम अनेक वर्षांसाठी, दहा वर्षांपर्यंत, नाव घेता येते. मला विचाराल तर निदान तीन वर्षांचे घ्यावे.

पाने बनवायला गूगल साईट्स पुरे आहे. ते फुकट असून आपले डोमेन त्याला जोडता येते. त्यात खरेदीची टोपली नाही, पण तंबोरा कोणी टोपलीत टाकून घेत नाही, बोलूनच घेतो. संगणकावर बसून करावे. सायबर कॅफेत बसलात तर उठताना खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

खरी मेहनत मजकुराची आहे, आणि ती कोणी कोडिंगवाला करून देऊ शकत नाही. "उत्तम दर्जा, वाजवी दर" हे सगळेच लिहितात, ते वाचून कोणी ऑर्डर देत नाही. गाणाऱ्याला हवी असलेली माहिती वेगळी असते. तंबोरा काळी एकचा की काळी चारचा? लाकूड कोणते? भोपळा कुठला, मंगळवेढ्याकडचा का? उंची किती इंच? ऑर्डर दिल्यावर किती दिवस लागतील? खोक्यात कसा बांधणार, आणि वाटेत भोपळ्याला तडा गेला तर नुकसान कोणाचे? हा शेवटचा प्रश्न गिऱ्हाईक मनात ठेवते आणि उत्तर न मिळाल्यास गुपचूप निघून जाते. फोटो उन्हाच्या उजेडात घ्यावेत, समोरून, मागून आणि घोडीजवळून. शिवाय अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, चार तारा छेडलेल्या, वर कोणाचे बोलणे नाही. जवारी कशी लागली आहे ते ऐकल्याशिवाय जाणकार पुढे जात नाही.

भाव लिहावा का? "भाव फोनवर विचारा" ही आपली जुनी सवय आहे. निदान "इतक्यापासून पुढे" एवढे तरी लिहावे, नाहीतर दिवसभर नुसते फोन घ्यावे लागतात. मानांकनाचे चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तरच लावावे. आणि माल परदेशी विकायचा तर आयात-निर्यात कोड आधी काढून ठेवावा.

पान झाल्यावर ते आपल्या संगणकावर नव्हे, दुसऱ्याच्या साध्या मोबाईलवर उघडून पाहावे. शक्यतो अशा माणसाच्या, ज्याला धंद्यातले काही कळत नाही. तो कुठे अडखळतो तिथे मजकूर बदलावा. फोटो आणि मजकुराची एक प्रत घरी जपून ठेवावी. गूगल साईट्सचा गाळाही शेवटी दुसऱ्याचाच आहे.

मामूंनी आता नवे नाव घेतले आहे, स्वतःच्या ई-मेलवर, पाच वर्षांसाठी. नूतनीकरणाची तारीख गल्ल्यामागच्या भिंतीवर, दुकानाच्या परवान्याशेजारी लिहून लावली आहे. उरलेल्या पिशव्यांवर दुकानातली पोरे रोज दुपारी नव्या नावाची चिठ्ठी चिकटवत बसतात.