अर्धांगवायूनंतरची ताठरता : मालिशीपलीकडचे उपचार

मुंबई, प्रतिनिधी - अर्धांगवायूचा झटका येऊन जातो, रुग्ण घरी परततो, काठीच्या आधाराने चार पावले टाकू लागतो आणि काही आठवड्यांनी त्याचा हात कोपरात दुमडू लागतो. मूठ अशी आवळली जाते की ती उघडायला घरातली दोन माणसे लागतात. 'नस आखडली', 'वात धरला' असे म्हणत तेलमालिश सुरू होते. खरा बिघाड मात्र त्या हातात नसतोच.

स्नायू ताणला गेला की त्याची वर्दी मज्जारज्जूला मिळते आणि उलट हुकूम येऊन स्नायू आकुंचन पावतो. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर हीच प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. तिच्यावर मेंदूचा लगाम असतो. पक्षाघात, मणक्याची दुखापत, सेरेब्रल पाल्सी किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हा लगाम सुटतो. या ताठरतेला वैद्यकीय परिभाषेत 'स्पॅस्टिसिटी' म्हणतात. हात झटक्याने ओढला तर तो अधिक अडतो, सावकाश ओढला तर सैलावतो. मालिश करताना जोर लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

प्रत्येक ताठरता या प्रकारची नसते. पार्किन्सनमधला ताठरपणा वेगळा, जखडलेला खांदा वेगळा. म्हणून आधी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञाकडून तपासणी हवी.

ताठरता घालवावी की नाही, हाही प्रश्नच आहे. अनेक रुग्ण त्या ताठ पायावरच उभे राहतात. तो सैल केला तर गुडघाच दुमडतो. त्यामुळे मूठ धुण्यापुरती उघडावी, टाच जमिनीला टेकावी, असे नेमके उद्दिष्ट ठरवून उपचार केले जातात. ताठरता एकाएकी वाढल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, शय्याव्रण, इतकेच काय, बोटात रुतलेले नखही तपासावे लागते. मज्जारज्जूला इजा झालेल्यास वेदना जाणवत नाही. वाढलेली ताठरता हीच कधी कधी त्याची एकमेव तक्रार असते.

उपचारांचा पाया म्हणजे रोजचे सावकाश ताण देण्याचे व्यायाम आणि गरजेनुसार स्प्लिंट. यात हयगय झाली तर स्नायू कायमचा आखूड होतो. मग औषधांचा उपयोग उरत नाही, शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.

गोळ्यांमध्ये बॅक्लोफेन आणि टिझॅनिडीन प्रमुख. दोन्हींनी झोप व अशक्तपणा येऊ शकतो. टिझॅनिडीन घेताना यकृताची तपासणी करावी लागते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे सर्रास लिहून दिले जाणारे प्रतिजैविक तिच्यासोबत घेता येत नाही. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. बॅक्लोफेन मनाने अचानक बंद करणे तर त्याहून गंभीर. झटके, भास, तीव्र ताप असे प्रकार होऊ शकतात. गोळ्या संपत आल्या की आधीच आणून ठेवाव्यात.

ताठरता ठराविक स्नायूंपुरती असेल तर बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध झालेले 'बोटॉक्स' ते हेच. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. त्या तीन महिन्यांत व्यायाम झाला नाही तर पैसे वाया गेले असेच समजायचे, आणि ते पैसे थोडे नसतात. फिनॉलचे जुने इंजेक्शन स्वस्त पडते, पण संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला ते लागल्यास जळजळ होऊ शकते.

दोन्ही पायांत तीव्र ताठरता असेल व गोळ्या मानवत नसतील तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडता येते. ही पद्धत 1984 मध्ये पुढे आली. पंप खर्चिक असून त्यात काही महिन्यांनी पुन्हा औषध भरावे लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही निवडक मुलांमध्ये संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचे काही धागे कापण्याची शस्त्रक्रियाही केली जाते.

मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची 1955 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. डॉक्टरांकडे कुठेही जाताना चालू औषधांची यादी न्यावी आणि हात-पाय ताठरतात त्या वेळचे मोबाइलवरील चित्रण दाखवावे. तपासणीच्या टेबलावर निवांत पडलेल्या रुग्णाची ताठरता पुष्कळदा दिसतच नाही.