गोळी आणि उपवास

मी वैद्य नव्हे. मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तथापि गेलीं नऊ वर्षें दुसऱ्या प्रकारचा मधुमेह माझ्या सोबतीस आहे, आणि एका आषाढी एकादशीस त्यानें मला जो धडा दिला तो आपणांपुढें मांडावा, एवढाच या भाषणाचा हेतु.

त्या दिवशीं सकाळीं मीं नित्याची गोळी घेतली आणि उपवास म्हणून पुढें कांहींच खाल्लें नाहीं. खाणें नाहीं तर साखर वाढणार नाहीं. मग गोळी अधिकच गुणकारी ठरेल, असा माझा हिशेब! दहाच्या सुमारास हात थरथरूं लागले, दरदरून घाम सुटला, आणि वर्तमानपत्रांतील एकच ओळ मी पुनःपुन्हा वाचूं लागलों. "अहो, बरें वाटत नाहीं का?" असें पत्नीनें विचारतांच मी तिच्यावर विनाकारण खेकसलों. तिनें मात्र प्रसंग ओळखला. घरच्या यंत्रावर रक्ताचा थेंब ठेवला, तों आंकडा निघाला ५२. सत्तरच्या खालीं आंकडा गेला कीं तो धोक्याचा समजतात.

असें कां व्हावें? मधुमेहाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत. त्यांपैकीं दोन आपल्याकडे विशेष प्रचारांत आहेत. एक मेटफॉर्मिन. ती यकृतांतून रक्तांत उतरणारी साखर आवरते. ती एकटीच घेतली असतां साखर फार खालीं जाण्याचा संभव थोडा. जेवणाबरोबर घ्यावयाची ती मुख्यतः पोट बिघडूं नये म्हणून. दुसरी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन सोडावयास लावते, मग मनुष्य जेवलेला असो वा उपाशी असो. पुष्कळदां हीं दोन्ही औषधें एकाच गोळींत असतात. माझ्या गोळींतही तीं होतीं. परंतु पाकिटावरील बारीक अक्षरें मीं कधीं वाचलींच नव्हतीं.

साखर उतरल्याचीं चिन्हें दिसतांच तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हा तपासावें, आणि आंकडा सत्तरवर चढला नसल्यास तेंच पुन्हा करावें. मग कांहीं खावें. कारण गोळीचा अंमल पुष्कळ तास टिकतो. मनुष्य बेशुद्ध असेल तर मात्र त्याच्या तोंडांत कांहीं घालूं नये. त्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें.

आणखी दोन गोष्टी. एक वेळची गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळीं दोन घेऊं नयेत. वांत्या, जुलाब किंवा ताप यांमुळें अन्न जात नसेल, तर गोळी चालू ठेवावी कीं नाहीं हें डॉक्टरांस त्याच दिवशीं विचारावें. मेटफॉर्मिन घेणारांनीं मूत्रपिंडांची तपासणी वर्षांतून एकदां तरी करावी. अनेक वर्षें घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी पडूं शकतें, तेंही पाहावें.

हें ऐकून भीतीनें गोळीच सोडणें हीही तितकीच मोठी चूक. मीं व्रत सोडलें नाहीं, गोळीही सोडली नाहीं. पुढील एकादशीपूर्वीं आठ दिवस डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं त्या दिवसाचें औषध आणि फराळाची वेळ ठरवून दिली. आपणही आज रात्रीं घरांतील गोळ्यांचें पाकीट उजेडांत धरून त्यांत कोणतें औषध आहे तें वाचावें, आणि घरांतील दुसऱ्या एका माणसासही तें वाचून दाखवावें. त्या सकाळीं मला वांचविलें तें माझ्या हिशेबानें नव्हे, तर शेजारीं बसलेल्या जागरूक माणसानें.