गांजा सोडायला फोनची मदत होते का?



मागच्या महिन्यात आपण दारूवर बोललो. कार्यक्रम संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "दारूचं सगळे बोलतात हो. माझा पोरगा गांजा ओढतो, ते कुणाला सांगू? शेळीसाठी गटातून कर्ज घेतलं, त्यातले पैसे त्याच्या उधारीत गेले. आता हप्ता थकलाय. परवा तोच म्हणाला, आई, फोनवरचा कार्यक्रम बघून सोडता येतो म्हणे. खरंच येतो का?"

आजचं बोलणं या ताईंच्या प्रश्नावर आहे. थोडक्यात उत्तर असं, की मदत होते, पण एकट्या फोनने भागत नाही.

गांजा ओढणारे आपल्याच गावात आहेत असं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात म्हटलंय, की देशात साधारण ७२ लाख लोकांना गांजा, चरस, भांग यांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. यातले बरेच जण लाजेपोटी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अशांसाठीच परदेशात इंटरनेटवरचे कार्यक्रम निघाले. जर्मनीत २००४ मध्ये असा एक कार्यक्रम सुरू झाला. माणूस पन्नास दिवस रोजची नोंद लिहितो आणि समुपदेशक त्याला लिहून उत्तर देतो. ऑस्ट्रेलियात सहा भागांचा कार्यक्रम २२५ जणांना घेऊन तपासला, त्याचा निकाल २०१३ मध्ये छापून आला. काहींना कार्यक्रम दिला, काहींना नुसती माहिती वाचायला दिली. कार्यक्रम करणाऱ्यांचे गांजा ओढण्याचे दिवस तीन महिन्यांनंतरही दुसऱ्यांपेक्षा कमी होते.

पण स्वित्झर्लंडमधली तपासणी नीट ऐका. तिथे काहींना नुसता कार्यक्रम दिला, तर काहींना त्याच्या जोडीला समुपदेशकाशी बोलायची सोय दिली. ज्यांच्या जोडीला माणूस होता, त्यांचं ओढणं जास्त कमी झालं. एकंदरीत या कार्यक्रमांचा फायदा खरा आहे, पण लहान आहे. अर्ध्यात सोडून देणारेही पुष्कळ असतात.

मग या कार्यक्रमांत असतं तरी काय? जादू काही नाही. पहिलं, नोंद. आज ओढला का, किती, कुणाबरोबर, किती पैसे गेले. दुसरं, कारण. झोप येत नाही म्हणून, काम नाही म्हणून, की टपरीवर मित्र भेटले म्हणून? तिसरं, तारीख. कधीपासून कमी करणार, कधी बंद करणार, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. चौथं, नाही म्हणायचा सराव. मित्राने पुढे केला तर कोणत्या शब्दांत नाही म्हणणार? पाचवं, घसरलो तर काय? एक दिवस ओढला म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंद सुरू करायची.

हे कार्यक्रम इंग्रजी, जर्मन अशा भाषांत आहेत. पण ही पाच कामं शंभर पानी वहीतही होतात. आणि बोलायला माणूस हवा, तर तो मराठीत मिळतो. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६, म्हणजे एक-चार-चार-एक-सहा. ही सेवा मोफत आहे आणि रात्रंदिवस चालते. व्यसनमुक्तीसाठी सरकारची वेगळी हेल्पलाइन आहे, १४४४६. ओढणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही. आईनेही करावा, बायकोनेही करावा.

आता आपलं काम. वही त्याची आहे, ती चोरून वाचू नका. खिसे तपासून रोज भांडण काढलं, तर तो वहीत खोटं लिहील. "आज कसा गेला दिवस?" एवढं विचारा. रोज ओढणाऱ्याने गांजा थांबवला, की एकदोन दिवसांत चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा जड जातो, मग दोनेक आठवड्यांत बरंच कमी होतं. त्या दिवसांत तो अंगावर आला, तरी "सोडून बिघडला" असं म्हणू नका.

मात्र कानात आवाज येतात, सगळे माझ्या वाईटावर आहेत असं तो म्हणायला लागला, किंवा जीव द्यायची भाषा केली, तर वही आणि फोन बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या. आशाताईंना सोबत घ्या.

पोलिसांच्या भीतीने कुणी गप्प बसत असेल, तर हेही सांगा. गांजा ओढणं गुन्हा आहेच. पण व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनासाठी किंवा जवळच्या थोड्या मालासाठी त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

शेवटी गटाविषयी. त्या ताईंनी बैठकीत खरं सांगितलं. गटाने हप्ता लहान करून दिला आणि घरातली गोष्ट बैठकीबाहेर न्यायची नाही, असं ठरवलं. मुलाने वही घेतली. पहिल्या आठवड्यात सातही दिवशी खूण होती. दुसऱ्यात पाच. परवा ताई सांगत होत्या, तिसऱ्यात पुन्हा सहा झाल्या, पण पोराने त्या सहाही खऱ्या लिहिल्या. १४४१६ ला त्याने स्वतः फोन केला, आई शेजारी बसली होती.

तुमच्या गटातही अशी एखादी ताई मागे थांबत असेल. बैठक संपल्यावर जरा वेळ तुम्हीही थांबा.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.