पंख्यापासून पंख्यापर्यंत

मिरकरवाड्याच्या बंदरातून लाँच सुटली की तिच्यामागे पांढऱ्या फेसाचा पट्टा उठतो. पंखा पाणी मागे लोटतो, लाँच पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम रत्नागिरीच्या पोरांना असा धक्क्यावरच दिसतो. विमानाचं इंजिन तेच करतं, फक्त हवेत. किती हवा लोटायची आणि किती वेगाने, एवढाच प्रश्न. पण त्याच्या उत्तरात नव्वद वर्षं गेली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाला चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं आणि नाकाशी पंखा. पंखा भरपूर हवा सावकाश लोटतो, त्यामुळे इंधन कमी लागतं. मात्र पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचली की त्याचा जोर ओसरतो.

जेटने ही अडचण ओलांडली. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं. तापलेला वायू आधी टर्बाइन फिरवतो आणि मग सुसाट मागे सुटतो. नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या मिग-२१ चं इंजिन याच जातीचं. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई, पण इंधन भसाभस पिई. कारण हिशेबातच आहे: तेवढीच हवा दुप्पट वेगाने फेकली तर रेटा दुप्पट होतो, ऊर्जा मात्र चौपट लागते.

म्हणून मला १९६० साल मोलाचं वाटतं. त्या वर्षी एअर इंडियाची बोइंग ७०७ आली, रोल्स रॉइस कॉनवे इंजिनांची. त्यात थोडी हवा जळणाच्या गाभ्याला बगल देऊन मागे जाई. गाभ्यातल्या हवेचा जेमतेम तिसरा हिस्सा. १९७१ च्या ‘एम्परर अशोक’ या जंबोत ही बगलेची हवा पाचपट झाली, आजच्या ए-३२० निओत अकरा-बारापट. रेट्याचा मोठा वाटा आता समोरचा पंखाच उचलतो. म्हणजे जेटही शेवटी लाँचच्याच शहाणपणावर आलं.

रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. या दलाच्या डॉर्निअर २२८ मध्ये टर्बाइनची जवळपास सगळी ताकद पंखा फिरवण्यात जाते; हेलिकॉप्टरात तीच डोक्यावरची पाती फिरवते. समुद्रावर तासन्‌तास सावकाश फिरायला यापेक्षा सोयीचं काही नाही.

मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. डॉर्निअर अजून किनाऱ्यावर गस्त घालतंय.