हात न उगारताही होणारी इजा
बालपणाच्या जखमा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण मारहाणीकडे डॉक्टरांच्या नजरेतून पाहिलं. १९६२ साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि एक्स-रेत दिसणारी, वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं हा घरातल्या छळाचा पुरावा मानली जाऊ लागली. त्यामुळे अनेक मुलांकडे वेळीच लक्ष गेलं. पण जी इजा एक्स-रेत उमटत नाही, तिचं काय? आज त्याच इजेबद्दल, म्हणजे हेळसांडीबद्दल बोलू. तिचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास रोमानियातला आहे.

निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ मध्ये तिथे गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. देशाची लोकसंख्या वाढवायची, हा हेतू. पोसता येणार नाहीत इतकी मुलं गरीब घरांत जन्मली आणि सरकारी संस्थांमध्ये दाखल होत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांत होती.

तिथल्या तान्ह्या बाळांच्या खोल्यांत गेलेल्यांना सगळ्यांत आधी जाणवायची ती शांतता. पाळण्यांच्या रांगाच्या रांगा, पण रडणं जवळजवळ नाही. रडलं तरी कुणी येत नाही हे बाळ लवकर शिकतं आणि मग रडणंच सोडून देतं. दुधाची बाटली कुशीला टेकवून ठेवलेली असायची. पोटात दूध जायचं, पण पाजणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. थोडी मोठी मुलं तासन्‌तास पुढे-मागे झुलत राहायची किंवा स्वतःचा हात डोळ्यांसमोर हलवत बसायची. पाळी बदलली की बाई बदलायची, आणि एकेका बाईकडे कितीतरी मुलं. यांतल्या पुष्कळ मुलांना कुणी मारलंही नव्हतं.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक प्रकल्प सुरू केला. सहा संस्थांमधली १३६ बालकं निवडली, वय सहा ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांकडे सोपवलं. तोवर बुखारेस्टमध्ये अशी व्यवस्था जवळपास नव्हतीच, ती प्रकल्पानेच उभी केली. उरलेल्या मुलांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. मात्र घर मिळत असेल तर कुणालाही अडवायचं नाही, हा नियम होता.

मुलं साडेचार वर्षांची झाली तेव्हा संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७३ होता, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. मेंदूच्या विद्युतलहरींमध्येही फरक होता. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या लहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसू लागल्या. उशिरा गेलेल्यांना तो पल्ला गाठता आला नाही. उशिरा गेलेल्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, असं मात्र नाही. कुटुंबात गेलेल्या गटात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण कमी आढळलं.

असं का होतं, याचं मेंदूविज्ञानाचं उत्तर आपल्या घराघरांत रोज दिसतं. बाळ हुंकारतं, आजी त्याला उलट हुंकार देते. काऊचिऊचा घास भरवताना बाळ बोट दाखवतं, भरवणारी तिकडे बघते. या देवाणघेवाणीवर मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. ती देवाणघेवाण मिळावी म्हणून मेंदू जन्मतःच तयार असतो. समोरून काहीच आलं नाही, तर त्या जोडण्या नीट उभ्या राहत नाहीत.

मानसशास्त्राने हेच नात्याच्या भाषेत मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात जॉन बोल्बी यांनी आईच्या मायेवर भर दिला. पुढे मायकेल रटर यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. जन्मदात्री आईच हवी असं नाही. पण कायम टिकणारं, ओळखीचं, आपलं माणूस हवं. रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा रटर यांच्या चमूने वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही अडचणी आल्या, पण त्यांच्यातल्याही काही जणांना कसलाच गंभीर त्रास झाला नाही. म्हणजे धोका खरा आहे, पण तो विधिलिखित नाही.

तिसरी नजर समाजाकडे वळते. युरी ब्रॉनफेनब्रेनर यांचं म्हणणं असं की मूल घरात वाढतं, घर वस्तीत, आणि वस्ती सरकारी धोरणांत. रोमानियातल्या आयांना निर्दयी ठरवणं सोपं आहे. पण मुलं जन्माला घालायला लावून त्यांच्या पोटापाण्याकडे पाठ फिरवणारं सरकार मूळ अपराधी होतं. आपल्याकडे बीडचं जोडपं कोयता घेऊन उसाच्या फडात उतरतं, तेव्हा तान्हं मूल बांधावर आठ वर्षांच्या ताईच्या मांडीवर असतं. त्या मुलाची आबाळ होते, हे खरं. पण तिथे आईला दोष देऊन काय साधणार? तिथे पाळणाघर हवं, पुरेशी मजुरी हवी. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यालाही हा फरक कळतो. कलम ७५ नुसार मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणं हा गुन्हा आहे. पण जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल, तर त्यांना या कलमाखाली शिक्षा होत नाही.

याच कायद्यात आणखी एक तत्त्व लिहिलेलं आहे: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. बुखारेस्टच्या आकड्यांनी त्या वाक्यामागची तातडी दाखवून दिली. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आईवडील गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या मुलाला मामा, आत्या, आजी किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे राहता यावं म्हणून तिच्यातून दरमहा अनुदान मिळतं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात तिची चौकशी करता येते. पण पात्र असूनही कित्येक घरांना या योजनेची माहिती नसते.

माझं मत स्पष्ट आहे. अनाथाश्रमाला वाढदिवसाचं जेवण देण्यात गैर काही नाही. पण खरी मदत आहे ती मूल तिथे पोहोचूच नये यासाठी एखाद्या घराला हात देणं. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, गावात असं एखादं मूल आजीकडे राहत असेल, तर त्या आजीला योजनेचा अर्ज भरून द्या. आणि एखादं मूल उपाशी, एकटं, दुर्लक्षित दिसलं, तर १०९८ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.