बोटीच्या इंजिनाचा ‘रिव्हर्स लॉक’
जायकवाडीतून विसर्ग वाढला की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या गोदाकाठाला मोटारबोटींचा आधार वाटतो. बोटीच्या मागील फळीवर टांगलेले इंजिन पुढे जाताना पंख्याच्या रेट्याने फळीशी टेकून राहते. मागे येताना मात्र तोच रेटा त्याला पाण्याबाहेर उचलू पाहतो. तेव्हा त्याला खाली धरून ठेवणारी कडी म्हणजे ‘रिव्हर्स लॉक’.

पुढील गतीत ही कडी सुटी असावी लागते. पाण्याखालील बांधाला वा खोडाला धडकताच इंजिन वर उचलले जाते आणि आघात सौम्य होतो. मागे येताना ही मुभा नसते. म्हणून वेग कमीच ठेवावा. उथळ पाण्यात इंजिन हाताने उचलण्यापूर्वी ते बंद करून कडी सोडवावी. पुरात पंखा मोडला, तर वाचवणारेच प्रवाहात हतबल होतात.